अक्काच्या हाताचं कुणाला सांगायचं नाही

बहात्तरचा दुष्काळ सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच्यानंतर आलेल्या एका दुष्काळाला कुणी नाव ठेवलं नाही, तो आमच्या वाट्याला आला. लातुरात तेव्हा आठवड्यातून दोनदा टँकर यायचा आणि घागरींच्या रांगेवरून बायका एकमेकींच्या झिंज्या धरायच्या. मी सोळा वर्षांची होते आणि भांडायला पहिल्या नंबरची. तीन घागरी भरल्याशिवाय मी घरी यायची नाही.

घरात पाण्याचा क्रम ठरलेला होता. आधी पूजेचं, मग पिण्याचं, मग स्वयंपाकाचं, आणि उरलंच तर बाकीचं. आम्ही लिंगायत. प्रत्येकाच्या गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग. सकाळी अंघोळ करून ते डाव्या तळहातावर घ्यायचं, पाणी घालायचं, भस्म लावायचं, बेल वाहायचा, आणि हे झाल्याशिवाय तोंडात घास घालायचा नाही. दुष्काळात अंघोळ तांब्याभर पाण्यात उरकायची, पण लिंगाच्या पाण्यात कपात नाही. भाजी धुवायला मात्र पाणी नव्हतं. अव्वा, म्हणजे आमची आई, भाजी पदराला पुसायची आणि चिरायला घ्यायची.

त्याच साली अक्का पहिल्या बाळंतपणाला नांदेडहून माहेरी आली. ती माझी एकुलती एक थोरली बहीण. तिचे डोहाळे काही संपले नव्हते, आणि तेही सगळे कच्च्याचे. मुळा, कोथिंबीर, मेथीची कोवळी पानं, वर मीठ आणि खाली भाकरी. हिरवं तर कुठं औषधाला दिसत नव्हतं. फक्त गावाबाहेर नाल्याच्या कडेला वाफे होते. अख्ख्या गावाचं घाण पाणी तिकडं जायचं, तिथं डुकरं लोळायची, माणसं सकाळी तिथंच बसायची, आणि त्याच पाण्यावर मुळा असा काही पोसायचा की बघत राहावं. मी जुडी आणायची, माती झटकायची, फडक्यानं पुसायची आणि अक्काच्या हातात द्यायची. "खा गं, माझा भाचा उपाशी हाय आत," असं वर म्हणायची. भाचा नव्हता, भाची झाली. गोरीपान, अक्कासारखी.

मुळा मीही खाल्ला. तिच्याहून जास्तच खाल्ला असेन, कारण अर्धी जुडी मी वाटेतच संपवायची. मला आजवर साधं डोकं दुखलेलं नाही. याला काय म्हणायचं ते तुम्हीच सांगा, मी देवाला विचारून विचारून थकले.

दोन-अडीच वर्षं गेली आणि लातूर जिल्हा झाला. गंजगोलाईच्या बाजारपेठेत गुलाल, फटाके, पेढे. आमच्या अप्पांचं, म्हणजे वडिलांचं, तिथं भांड्यांचं दुकान होतं, त्यांनी गिऱ्हाइकांना साखर वाटली. आता सगळं लातुरातच होणार, कचेरी इथं, मोठा दवाखाना इथं, कशाला म्हणून उस्मानाबादला जायला नको, असं जो तो बोलत होता. त्याच आठवड्यात दाजी अक्काला घेऊन आले. पोरीला आणलं नव्हतं.

दाजी ओट्यावरच बसले. आत यायला तयार नाहीत. "तिचं डोकं ठिकाणावर न्हाई," म्हणाले. "माझी आई जेवणात काहीतरी घालून राहिली म्हणती. भिंतीशी बोलती. परवा पोरीला चुलीपाशी बसवून कुठं निघून गेली तिला ठाऊक." अप्पा म्हणाले, "थकली असंल, चार दिवस राहू द्या." दाजी म्हणाले, "राहू द्या. नीट झाली की मी सोता येऊन घेऊन जातो. तोवर पोरगी आमच्याकडं. आन् नीट न्हाई झाली, तर मग बघू." या 'मग बघू'चा अर्थ ओट्यावरच्या सगळ्यांना कळला. अक्कालाही कळला. त्या दिवसापासून आमच्या घरात एकच काम उरलं, अक्काला नीट करून तिच्या लेकीकडं पोचवायचं.

आणि अक्का रोज वेडी नसायची, हे लक्षात घ्या. पाच दिवस ती घुम्यासारखी बसायची, कानाला हात लावून कुणाचं तरी ऐकायची, मधेच खुदकन हसायची. सहाव्या दिवशी उठून घर सारवायची, माझी वेणी घालायची आणि विचारायची, "पोरीचे केस कोण विंचरत असंल गं?" तेव्हा वाटायचं, आली आपली अक्का परत. संध्याकाळपर्यंत पुन्हा गेलेली असायची.

श्रावणातला सोमवार होता. अव्वा, अक्का आणि मी तिघी ओळीनं पूजेला बसलो होतो. अक्काच्या तळहातावर लिंग, ती वर पाणी घालत होती. आणि तिचा डावा अंगठा आपोआप उडायला लागला. मग बोटं, मग मनगट, मग कोपरापर्यंत सगळा हात, मासा पाण्याबाहेर काढल्यासारखा. ती स्वतः हाताकडं बघत होती, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा. लिंग उडालं, फरशीवर पडलं आणि घरंगळत पाटाखाली गेलं.

ज्यांच्या घरात हे नाही त्यांना ते काय ते कळणार नाही. इष्टलिंग हातातून पडणं म्हणजे आमच्याकडं जीव जाण्याच्या बरोबरीचं. जुन्या बायका सांगायच्या की लिंग पडलं तर माणसानं अन्न सोडावं. अव्वाचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं आधी दाराची कडी लावली. मग लिंग उचललं, धुतलं, डोळ्यांना लावलं, आणि आमच्या दोघींच्या गळ्यावर हात ठेवून शपथ घातली. "हे बाहेर जायचं न्हाई. मठाच्या स्वामींना न्हाई, अप्पांना न्हाई, सासरच्यांना तर अजिबात न्हाई. याड लागलं तर औषध हाय. लिंग पडलेली बाई कोण घरात घेईल?" झाकली मूठ सव्वा लाखाची. आमच्या घरात या म्हणीवरच सगळा संसार चालायचा.

हात दर आठ-पंधरा दिवसांनी उडायचा. अव्वानं तोड काढली. अक्काच्या हातावर ती लिंग ठेवायचीच नाही, स्वतःच्या तळहातावर दोघींची पूजा करायची. अक्का म्हणायची, "अव्वा, माझा हात माझ्या मनाचा न्हाई राहिला." अव्वा म्हणायची, "गप. पाप बोलू नको." मी काही म्हणायची नाही. एरवी टँकरवर आख्ख्या गल्लीला पुरून उरणारी मी, त्या बाबतीत तोंडाला कुलूप लावून बसले होते.

नव्या जिल्ह्याच्या गावात नवे डॉक्टर आले होते. त्यातल्या एकाकडं अप्पा आम्हाला घेऊन गेले. तरुण माणूस, शुद्ध बोलणारा. त्यानं अक्काला पुष्कळ विचारलं, मग डोळ्यांत बॅटरी मारली, गुडघ्यावर हातोडी मारली. मग अव्वाला विचारलं, "यांच्या हातापायाला झटके येतात का? एखादा हात आपोआप उडतो का?"

"न्हाई," अव्वा म्हणाली.

डॉक्टरनं माझ्याकडं बघितलं. "तुम्ही घरातच असता ना? कधी पाहिलंय?"

अक्का माझ्याकडं बघत होती. त्या दिवशी ती शुद्धीवर होती, अगदी पूर्ण. तिचे डोळे मला स्वच्छ सांगत होते, सांग. मी म्हणाले, "नाही साहेब."

एवढंच. दोन शब्द. लोक म्हणतात, तू लहान होतीस, तुला काय कळणार. जळो ते लहानपण. अठरा-एकोणीस वर्षांची घोडी होते मी, आणि मला चांगलं कळत होतं की तो माणूस नेमकं तेच विचारतोय जे आम्ही झाकलंय.

डॉक्टर मात्र हुशार होता, त्यानं सोडलं नाही. अक्काच्या दंडावर कातडीखाली दोन-तीन गाठी होत्या, तांदळाच्या दाण्याहून थोड्या मोठ्या. दुखत नव्हत्या, म्हणून कुणी लक्ष दिलं नव्हतं. त्या त्यानं चिमटीत धरून बघितल्या आणि अप्पांना सरळ विचारलं, "घरात डुकराचं मटण खाता का?"

अप्पा खुर्चीवरून उठले. माझे अप्पा कधी आवाज चढवत नसत. त्या दिवशी बाहेरच्या बाकावरची माणसं दारात येऊन उभी राहिली. "आम्ही लिंगायत हावत, साहेब. सात पिढ्यांत अंडं फुटलं न्हाई घरात. पोरीच्या गळ्यात काय हाय ते दिसत न्हाई का तुम्हाला?" डॉक्टर बिचारा लाल झाला. माफी मागितली. म्हणाला, "मला एक शंका होती. पण झटके नाहीत, आणि तुम्ही मांस खात नाही, म्हणजे ते नसणार." आणि त्यानं कागदावर वेडाची औषधं लिहिली. त्यालाही कमी माहीत होतं, हे मला पुढं कळलं. पण त्याला आम्ही हाताचं सांगितलं असतं तर तो अप्पांना घाबरून थांबला नसता, असं मला वाटतं. वाटून काय उपयोग म्हणा.

त्या औषधांनी अक्काची जीभ जड झाली, तोंडातून लाळ गळायला लागली, चालताना पाय ओढायला लागली. भिंतीशी बोलणं कमी झालं, म्हणून आम्ही खूश. दीड वर्ष असं काढलं. मधे एकदा पिंपळाखाली आम्ही दोघी शेंगा फोडत बसलो होतो तेव्हा ती जड जिभेनं म्हणाली, "तू तरी त्या डॉक्टरला सांग ना हाताचं. एकदा सांगून तर बघ." मी म्हणाले, "अक्का, गप बस. दाजींच्या कानावर गेलं तर पोरगी कायमची जाईल." ती म्हणाली, "आता तरी कुठं हाय माझ्याकडं?" मी शेंगा फोडत राहिले.

मग एका दुपारी भर अंगणात, पाच शेजारणी पापड लाटायला आलेल्या असताना, अक्काचा हात उडाला आणि तो थांबलाच नाही. झटका हातावरून तोंडावर गेला, तोंडावरून सगळ्या अंगावर. ती पिठाच्या परातीवर पडली. दात घट्ट, डोळे पांढरे, ओठातून रक्त. शुद्धीवर यायला तिला तासभर लागला. आता झाकायला काही उरलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी अप्पा, मी आणि अक्का एसटीनं हैदराबादला निघालो.

अप्पा निजामाच्या काळात उर्दू शाळेत शिकलेले, त्यामुळं हैदराबादेत त्यांचं अडत नसे. तिथल्या डॉक्टरीण वयस्कर होत्या. अप्पांनी आधीच सांगून टाकलं, "हम लोगां गोश्त नहीं खाते." त्या म्हणाल्या, "मैंने पूछा क्या?" आणि माझ्याकडं वळल्या. या वेळी मी सगळं सांगितलं. अंगठा, मनगट, पूजा, फरशी, पाटाखाली गेलेलं लिंग, सगळं. अप्पा माझ्याकडं बघतच राहिले. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. डॉक्टरिणींनी विचारलं, "किती दिवस झाले?" मी म्हणाले, "दोन वर्षं होत आली." त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

डोक्याचा फोटो काढायचं मोठं यंत्र तिथं होतं. त्या फोटोत अक्काच्या मेंदूवर पांढरे ठिपके होते, बाजरीच्या भाकरीवर तीळ लावतात तसे. डॉक्टरिणींनी आम्हाला शांतपणे समजावलं. डुकराचं कच्चं-पक्कं मांस खाणाऱ्याच्या पोटात एक लांब चपटा जंत होतो. त्या माणसाला विशेष काही होत नाही. पण जंताची अंडी त्याच्या शौचातून बाहेर पडतात, पाण्यात जातात, पाण्यातून भाजीवर. ती भाजी न धुता कच्ची खाल्ली की अंडी पोटात फुटतात, त्यातून निघालेले किडे रक्तातून अंगात, डोळ्यात, मेंदूत जाऊन बसतात. मेंदूत बसले की कुणाला झटके येतात, कुणाला भास होतात, कुणी वेड्यासारखं वागतं. "मांस न खाणाऱ्यांना पण होतं," त्या म्हणाल्या. "भाजी तर सगळेच खातात." चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय. मला नाल्याकाठचे वाफे दिसले, आणि फडक्यानं पुसून मीच अक्काच्या हातात दिलेली जुडी.

गोळ्या सुरू झाल्या, किड्यांच्या वेगळ्या आणि झटक्यांच्या वेगळ्या. झटक्यांच्या जन्मभर घ्याव्या लागतील, म्हणाल्या. तुम्ही दोन वर्षं आधी आला असतात तर पुष्कळ वाचलं असतं, हेही म्हणाल्या. कारण काही ठिपक्यांचे आता खडे झाले होते. अक्काला डाव्या हातानं बटण लावता येईना आणि दुपारी काय खाल्लं ते संध्याकाळी आठवेना. पण भिंतीतले आवाज गेले. चार महिन्यांत गेले. एका सकाळी ती मला हलवून उठवून म्हणाली, "म्हणजे मी याडी नव्हतेच की गं!" आणि हसत सुटली, आणि हसता हसता रडायला लागली. तिनं त्याच दिवशी पिशवी भरली. पोरीसाठी दोन परकर शिवले होते, ते वर ठेवले.

मी आणि अप्पा नांदेडला गेलो. अक्काला मागाहून न्यायचं ठरलं होतं. मी तो फोटो आणि डॉक्टरिणींचा कागद छातीशी धरून बसले होते, जणू पोथी. अहमदपूर गेलं, लोहा गेलं, मी मनात पाठ करत होते काय काय सांगायचं. दाजींच्या घरी मी फोटो खिडकीच्या उजेडात धरला आणि सगळं सांगितलं, शास्त्र सुद्धा, एकही शब्द न चुकता. ती वेडी नव्हती, मेंदूत किडे होते, आता मेले, हा बघा कागद.

अक्काच्या सासूनं विचारलं, "किडे कशाचे?"

मी मूर्ख. शास्त्र सांगायच्या भरात होते. म्हणाले, "डुकराच्या जंताचे."

म्हातारीनं आपली जपमाळ मांडीवरून उचलून बाजूच्या कोनाड्यात ठेवली, जसं काही मी विटाळ आणला होता. भाची दाराशी उभी होती, तिला दाजींनी हाताला धरून आत नेलं. आमच्यासमोर ठेवलेले पाण्याचे तांबे कुणीतरी उचलले. मी पुन्हा पुन्हा सांगत होते की तिनं खाल्लं नाही हो, भाजीतून गेलं, कुणालाही होतं, एकापासून दुसऱ्याला असं शिवून लागत नाही. म्हातारी ऐकून घेत होती. वाईट बाई नव्हती ती. शेवटी हळू आवाजात म्हणाली, "पोरी, याडी व्हती तेच बरं व्हतं की गं. याड काय, कुणाच्याबी घरात लागतं. हे कुणाला सांगू मी? उद्या नातीला कोण करून घेईल?"

मी अप्पांकडं बघितलं. वाटलं, आता उठतील, लातुरात उठले होते तसे. अप्पा मान खाली घालून बसले होते.

परतीच्या एसटीत ते खिडकीकडं तोंड करून म्हणाले, "गल्लीत याड लागलं व्हतं एवढंच सांगायचं. ते दुसरं तोंडातून काढायचं न्हाई. तुझं लग्न व्हायचंय अजून." माझ्या आयुष्यात मी कुणाचा एवढा राग केला नसेल, आणि राग करायचा मला काय अधिकार होता, तेही मला कळत होतं.

अक्का ओट्यावर वाट बघत होती. पिशवी शेजारी. मी तिला खोटं सांगू शकले असते, त्यात मी तरबेज होते. पण सगळं खरं सांगितलं. ती रडली नाही. तिनं एवढंच विचारलं, "मी याडी म्हणून राहिले, तर पोरीला भेटू देतील का?"

मला वाटलं औषधानं बरळतेय. पण ती अगदी शांतपणे बोलत होती. म्हणाली, "सांगा की हैदराबादवाल्यांचं चुकलं. किडे-बिडे काही न्हाई. याडच हाय. याडीला लांबून पोर दाखवायला कुणाचं काय जातं?"

अप्पांनी तसं पत्र लिहिलं. मी पाकीट चिकटवलं. जत्रेला पोरगी दाखवायला पाठवीन, असं दाजींनी उलट टपाली कळवलं. त्यांनी दुसरं लग्न केलं, पण शब्दाला जागले. पुढच्या वैशाखात आमच्या गावच्या जत्रेला त्यांनी पोरीला पाठवलं, एका नातेवाइकाबरोबर, तासाभरासाठी. तेव्हा तिला सहावं वर्ष लागलं होतं. अक्कानं सकाळपासून वेणी घातली नव्हती. नीट वेणी घातलेली बाई वेडी कशी दिसेल, आणि वेडी दिसली नाही तर तो नातेवाईक नांदेडला जाऊन काय सांगेल, याचा विचार तिनं केला होता. तो ओट्यावर चहा पीत बसला. अक्का माजघरात कोपऱ्यात, भिंतीकडं तोंड करून.

पोरगी उंबऱ्यात उभी राहिली. आत यायला धजेना. मी तिला जवळ घेतलं, म्हणाले, "जा की, आई हाय तुझी." तिनं माझ्या लुगड्याचा पदर घट्ट धरला आणि विचारलं, "मावशी, ती चावती का?"

अक्कानं ऐकलं. तिची पाठ मला दिसत होती. ती वळली नाही.

"न्हाई गं," मी म्हणाले. "चावत न्हाई."